ळ सापडेना तेव्हा

पालम तालुक्यात, नदीपासून दीड कोसावर,
सातवीच्या वर्गात एकोणीस पोरं
आणि एक फोन, तोही माझा,
काचेला उजव्या कोपऱ्यात तडा.
पाळी हजेरीच्या क्रमानं.
नाव लिहायचं नाही, फोटो टाकायचा नाही,
ही मुख्याध्यापकांची अट. म्हणून
जगाच्या भिंतीवर आमची पोरं झाली
क्रमांक एक, क्रमांक दोन.

पहिल्याच दिवशी अडलं.
ळ सापडेना.
फळा लिहिता येईना, बाभूळ येईना,
कपाळाला आठ्या पडल्या, तर कपाळही येईना.
मारोती हनवतेनं धीर करून टाइप केलं:
"आमची शाला चांगली आहे."
नौशाद खिदळला, "सर, ह्यानं दैवशालाचं
अर्धं नाव खाल्लं!"
आणि मागच्या बसकरपट्टीवर
जूनपासून एक शब्द न बोललेली
दैवशाला घुगे
ओढणीत तोंड घालून हसली.
आवाज नाही. खांदे हलले तेवढे.

तिची पाळी आली बुधवारी. क्रमांक अकरा.
कोंबडीचं पिल्लू धरावं तसा फोन धरला,
दहा मिनिटांनी परत दिला.
"माय भाकरी करायली.
लाकडं वली हायत.
धूर आधी माझ्या वहीत जातो, मंग डोल्यात."

बावीस वर्षं मास्तरकी केली मी.
करायली दिसलं की लाल पेन
आपोआप उघडतं: आडवी रेघ, वर 'करत आहे',
बाजूला दहापैकी चार.
काचेवर शाई उठत नाही.
घरी जाऊन दुरुस्त करू म्हटलं.
जेवलो, कुत्र्याला तुकडा टाकला,
उघडून बघतो तर खाली कुणीतरी:
"मी पण पालमकडचा. भोसरीत क्रेन चालवतो.
करायली, असं अकरा वर्षांत
कुणी बोललं नाही माझ्याशी.
पुढं काय झालं?"

पुढं काय झालं.
एवढ्या वह्या तपासल्या,
हे कधी विचारलं नव्हतं मी कुणाला.

दुसऱ्या एकानं लिहिलं, "आधी शुद्ध लिहायला शिका."
गणिताचा तास गेला त्यात.
शुद्ध म्हंजे काय, ह्यावर वर्ग पेटला.
शुद्ध तूप. शुद्ध पाणी.
नौशादच्या चाचाची उन्हात हरपली होती, ती शुद्ध.
मारोती म्हणाला, तुरटी फिरवल्यावर वर राहतं ते.
"मग खाली बसतं ते कुणाचं, सर?"
मला उत्तर आलं नाही.
प्रश्न फळ्यावर आहे, कोपऱ्यात, चौकट करून.

सगळं बरंच झालं असंही नाही.
क्रमांक चारचा बाप शाळेत येऊन
फक्त थुंकायचा राहिला.
घरातलं गावाला कामून सांगता, म्हणाला.
तेव्हापासून चार नंबर हवामान लिहिते.
"ऊन. वारं नाही."
तेही वाचतात लोक.

आणि ळ?
तो दैवशालानं काढला.
एक दिवस ल वर तिचं बोट राहिलं,
विचारात होती, उचलायचं विसरली,
आणि ल च्या डोक्यावर ळ उगवला.
ती उभी राहिली. मोठ्यानं, अख्ख्या वर्गाला:
"ल दाबून धरायचा. सोडायचा नाही."
जूननंतरचं पहिलं वाक्य. नोव्हेंबर होता.

मी म्हटलं, चला, मागचं शाला शाला
दुरुस्त करून टाकू.
"नका, सर." हे दुसरं.
"तवा सापडला नव्हता. तसंच राहू द्या."

क्रेनवाला अजून विचारतो, पाळी सुटल्यावर, रात्री.
आज अकरा नंबर.
बॅटरी सहा टक्के, घंटा होऊन गेली,
पोरं पांगली, शिपाई कुलूप घेऊन उभा,
आणि ती दारात, एका पायात चप्पल,
लिहायली.