कोंदण

बारा वर्षं नीट बसलेली लेन्स
परवा इतवारीत, दुकानाच्या पायरीवर वाकलो
आणि सरकली.
पाटी अर्धी पाण्यात गेल्यासारखी,
कडेला एक चकचकीत कमान,
बांगडीचा तुकडा जसा.

धंतोलीतला डॉक्टर, पोरगाच तो, म्हणाला,
‘ढोमणेकाका, लेन्स ठणठणीत आहे.
धरणारे धागे झिजले तुमचे.’

मला हसूच आलं.
चाळीस वर्षं हेच तर सांगत होतो गिऱ्हाइकांना:
खडा नाही बिघडत, बाई,
नख्या ढिल्या होतात. दाखवून जात जा.

मीच गेलो नाही दाखवायला.

बुधवारी शिवून बसवणार म्हणे.
तोवर मान हलली की आत काहीतरी डुलतं,
आणि पोहे घेऊन आलेली बायको
दोनदा दिसते.
दोघींनाही म्हणतो,
तर्री वाढ अजून.