ब्लॉक दोनशे चौदा

गेंडीगेटला दोऱ्याला काच पाजणारे ठाकोरभाई
माझ्याकडे मेणात आहेत.
सगळे नाहीत.
शेवईचा एक तुकडा असावा एवढेच,
सुईत आले तेवढे.
बाकीचे ठाकोरभाई आश्विनात
खासवाडीच्या स्मशानात गेले.

मी यकृतावर काम करते.
असं सांगितलं की शेजारच्या टिपणीसमामी विचारतात,
म्हणजे दारूवर?
या राज्यात दारू मिळत नाही, मामी.
(मिळते. पण ते असो.)
ठाकोरभाईंनी थेंबही घेतला नव्हता.
त्यांच्या केसपेपरवर मात्र कुणीतरी
पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं: पितात?
आणि ते प्रश्नचिन्ह चालत चालत
पोळीच्या तोंडाशी गेलं, मुलीच्या सासरी गेलं,
रिपोर्टच्या कितीतरी आधी पोचलं.
रिपोर्टात होता विषाणू.
पंचवीस वर्षं गपगुमान राहिलेला,
अक्षरशः पोटभाडेकरू,
एके दिवशी भिंती पाडायला लागलेला.

आपल्या भाषेत काळीज म्हणजे ते धडधडणारं.
खाटकाला तेवढं ठाऊक असतं
की काळीज म्हणजे हे, उजवीकडचं,
मुकं, दीड किलोचं.
काळजाचं पाणी झालं म्हणतो आपण.
मी ते पाणी मोजलंय,
एका सकाळी साडेचार लिटर, पिवळसर,
आणि नळी काढल्यावर ठाकोरभाई म्हणाले होते,
हाश.

उत्तरायणाला आठ दिवस असताना
रेवाबेन आल्या.
चपला दाराबाहेर काढून.
आत फॉर्मलिनचा वास, त्यांनी पदर नाकाला नाही,
डोक्यावर घेतला.
एमनो कटको तमारी पासे छे, म्हणाल्या.
माणूस अर्धामुर्धा जाळत नाहीत, बेन.

माझ्याकडे संमतीपत्र होतं.
त्यावर अंगठा होता,
काचेनं इतका कातरलेला
की रेषा उमटल्याच नव्हत्या, नुसता निळा डाग.
ते मी काढलं नाही.
काचपट्टी काढली.
स्टूल खाली केलं, त्यांचा चष्मा हातात घेतला,
भिंग फिरवत राहिले.
बराच वेळ त्यांना
स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या.

मग त्या गप्प झाल्या.
लाल रानात निळे दोरे.
जिथं तिथं वेढे, वेढ्यांत अडकलेली
पेशींची बेटं.
दोरी गूंचवाई गई, म्हणाल्या,
जणू फिरकी कुणी निष्काळजीपणे ठेवली असावी.
ते तर गुंता कधी ओढू देत नसत.
पोरांच्या हातावर मारायचे.
आधी छेडा शोध, म्हणायचे.
छेडा कुठं आहे यात?

अकरा वर्षं मी हेच विचारते आहे.
इतकी बेटं, सगळी सारखीच कोंडलेली,
त्यातलं एकच का उठतं,
एकच का वेड्यासारखं वाढतं, आणि कधी ठरतं ते?
माझ्याकडे आलेख आहेत, तीन निबंध आहेत,
उणे ऐंशीचा फ्रीज आहे, वीज गेली की
मी रात्री दोन वाजता स्कूटर काढते.
छेडा नाही.
नाही सापडला, मी म्हणाले.
मराठीतच म्हणाले, त्यांना कळलं.

तुकडा त्यांनी मागितला नाही मग.
चष्मा पुसून घातला
आणि केसपेपरवर बोट ठेवलं, बरोबर त्या शब्दावर.
वाचता येत नव्हतं त्यांना.
जागा माहीत होती.
रबर छे?

काचपट्ट्यांवर आम्ही पेन्सिलीनंच लिहितो.
शाई स्पिरिटमध्ये वाहून जाते,
पेन्सिल टिकते.
मला अधिकार नव्हता. मी खोडलं.
तिरका प्रकाश पडला तर
अजूनही चरा दिसतो, आकड्यासारखा वाकलेला.

ब्लॉक परत खणात ठेवला,
दोनशे तेरा आणि दोनशे पंधराच्या मध्ये.
त्या दोघांचं
मला काहीच माहीत नाही.