पेन्सिलने भरायचा रकाना

स्ट्रँडफाँटेनच्या वाळूत सापडला.
आधी वाऱ्याने उकरला, मग कुणाच्या तरी कुत्र्याने.
आता सॉल्ट रिव्हरच्या या टेबलावर
कापडाच्या चुंबळीवर टेकवलेलं डोकं.
नाव नाही, नंबर आहे.

कॅलिपर उघडतो खेकड्यासारखा.
भुवयांमधून मागच्या फुगवट्यापर्यंत एकशे त्र्याऐंशी.
गालाच्या हाडांत एकशे एकोणतीस.
नाकाची रुंदी सव्वीस;
पुन्हा मोजली, साडेसव्वीस.
अर्ध्या मिलिमीटरवर
माणूस एका खंडातून दुसऱ्यात जातो.

प्रोग्रॅम फक्त जवळचं बघतो:
या गटाशी एकसष्ट टक्के, त्या गटाशी चौतीस,
उरलेले पाच आणखी कुणाचे.
तळाशी बारीक अक्षरांत,
की हा खरं तर कुठल्याच गटासारखा फारसा नाही.
पण ‘माहीत नाही’ असं बटण
करणाऱ्याने ठेवलेलंच नाही.

माझं आडनाव फेब्रुवारी.
गलबत ज्या महिन्यात धक्क्याला लागलं
तोच महिना मालकाने चिकटवला
माझ्या कुठल्याशा खापरपणजोबाला.
बंगालचा होता म्हणतात, कुणी म्हणतं मादागास्करचा;
त्याला विचारलं असतं तर
त्याने आईचं नाव सांगितलं असतं.
पुढे सोयरिकी झाल्या एप्रिलांशी, सप्टेंबरांशी,
घरात जवळजवळ वर्ष पुरं झालं.

आणि कात्रीना मावशी.
आईच्याच पाठची, आईहून दीड वर्षाने मोठी.
कचेरीत साहेबाने दोघींच्या केसांत पेन्सिल खुपसली:
आईची घरंगळली, मावशीची अडकली.
तेवढ्यावरून मावशीला वेगळं कार्ड, वेगळी वस्ती,
बसायला वेगळा बाक.
त्याच पेन्सिलने साहेबाने पुढचा रकाना भरला.

मोजताना ती पेन्सिल आठवत नाही असं नाही.
पण मोजलं नाही तर हा खोक्यातच राहील,
हेही आहेच.

सार्जंट डिकोंचा फोन: ‘एक शब्द द्या, मॅडम.
हरवलेल्यांची यादी गाळायला तेवढा पुरतो.’
शब्द चुकला, तर याची बहीण
चाळणीच्या दुसऱ्या बाजूला राहील,
दर महिन्याला ठाण्यात जाऊन विचारत.

कवटी उताणी करते.
वरचे पुढचे चार दात नाहीत,
खोबणी कधीच भरून आलेल्या, गुळगुळीत.
हा मार नव्हे, हौस.
आमच्या गल्लीतली पोरं सोळाव्या वर्षी काढून घेत
आणि आठवडाभर विनाकारण हसत फिरत.
प्रोग्रॅमने हे विचारलं नव्हतं.

रकान्यात फिकट लिहिते: ठरवता येत नाही.
पेन्सिल केसांत खोचते. राहते.

‘गाळू नका, सार्जंट. सगळेच फोटो पाठवा.’
पलीकडे सुस्कारा. मग त्रेचाळीस फोटो.
ओळखपत्रांवरचे बाजूला सारते,
तिथे सगळ्यांची तोंडं मिटलेली.
लग्नातले बघते, मासेमारीचे,
कुणाच्या तरी वाढदिवसाचे, हललेले,
तोंडभर हसताना सापडलेला
एखादा आहे का, बघते.