रकाना क्रमांक नऊ

अर्ज माझ्या मांडीवर, पेन माझं,
कान नारबामामांचे.
रकाना क्रमांक नऊ : श्रवणदोषाचे कारण.
पुढे दोन बोटं जागा.

आनंदवाडीच्या धक्क्यावर बर्फाची गाडी रिकामी होतेय.
मामा उजवा कान माझ्याकडे करतात,
मग आठवून डावा.

‘रशियन होती ती,’ म्हणतात,
जणू घरात आलेल्या सुनेबद्दल.
‘चौतीस किलो, तिवई सोडून.
सुरमईच्या भरल्या टोपल्या उचललंस कधी?
तशी. पण टोपली तापत नाय.’

तिच्या पहिल्या रूपाला म्हणे डबा होता, गोल, तीस गोळ्यांचा.
तीन सेकंदांत रिकामा.
बदलणाऱ्याचे खांदे निखळायचे आणि विमान निघून जायचं.
मग कुठल्याशा गारठलेल्या कारखान्यात
माणसं वर्षानुवर्षं डोकं खाजवत बसली,
डबा गेला, पट्टा आला.
‘रापणीचो दोर कसो येता, हातावर हात?
तसोच. फक्त आत जाता,
आणि दुसऱ्या टोकाक मासळी नसता.’

नळीवर वळसे, एकाशेजारी एक,
तापलेल्या लोखंडाला वारा मिळावा म्हणून.
मामा त्यांना कल्ले म्हणतात.
मागे दोन मुठी,
आणि नेम धरायची चकती : वर्तुळात वर्तुळ, मधून आरे,
कोळ्याचं जाळं अगदी.
‘आमी गाबीत,’ मामा हसतात,
‘पण सरकारान जाळा दिला ता कोळ्याचा.’

तिच्या नावाची अक्षरं ओढून सैनिकांनी लाडाचं नाव पाडलं, दुष्का.
त्यांच्या भाषेत म्हणजे जिवलग, प्राण.
गोदीतल्या उस्तादानं सांगितलं तेव्हा
मामांना वाटलं शब्द अर्धाच आलाय,
शेवटचा ळ कुणीतरी वाटेत समुद्रात पाडला.

रणगाड्यांच्या छपरांवर, खिंडींत,
वाळवंटात टेम्पोच्या हौद्यात बांधलेल्या
तिच्या बहिणींना सापडला असेल तो ळ.
मामांची नोकरी मात्र ग्रीस लावण्यात गेली.
रोज सकाळी फडकं, रोज सकाळी गंज,
वर्षातून दोनदा सराव, पिंपांवर.
कान तिथेच गेला, थोडा थोडा, कुणाला न कळता.

एक रात्र सोडून.

बिनदिव्याची होडी. हाक दिली, भोंगा दिला,
झोत टाकायला गेले तर दिवाच मेलेला.
साहेब म्हणाले, पुढ्यात, पाण्यात, पाच.
पाच म्हणजे अर्धा सेकंद.
‘पाचवी उजेडाची होती, तांबडी.
होडीच्या नाळीपुढून गेली
नि तेवढ्यात दिसला :
एक म्हातारो उभो,
एका हातात टोपाचा झाकण, दुसऱ्यात पळी.’

इंजिन बंद पडलेलं, बॅटरी संपलेली.
चार तास ते झाकण बडवत होते
आम्ही आहोत, आम्ही आहोत,
आणि गस्तीच्या इंजिनावरून काहीच ऐकू आलं नव्हतं.

दोर टाकला. ओढत आणलं.
तांडेल मोर्व्याचा निघाला, मामांच्या मेहुण्याच्या वाडीतला.
वर चढून त्यानं निरखून पाहिलं.
‘मेल्या नारबा, तूच काय रे?’
मग बिडी पेटवायला बसला.
काडीमागून काडी. पेटेना.
वारा नव्हता, मामा म्हणतात. वारा अजिबात नव्हता.

मी लिहिते :
कर्तव्यावर असताना, जड मशीनगन,
बारा दशांश सात मिलिमीटर, सततचा आवाज.
रकाना भरतो. अक्षरं काठावर चढतात.

लिलाव सुरू झालाय, कुणीतरी बांगड्याचा भाव ओरडतंय,
ते मामांना ऐकू येत नाही.
ते उजवा कान समुद्राकडे धरून बसलेत,
तोच, गेलेला.

‘झाकणाचा पन लिव,’ म्हणतात.

जागा नाही, मामा.

‘बारीक लिव.’