हंबर्डी, सिलोनच्या अलीकडे

घरात सगळे म्हणायचे, रेडिओची कंपनी आजोबांनी काढली.
कोणती, कधी, कुणाबरोबर, असं विचारलं
की कुणीतरी पोळी वाढायला उठायचं.

रजा टाकून भुसावळला गेले.
कचेरीतल्या बाईंनी तिसऱ्या दिवशी दस्त काढून दिला,
एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा, कडा उंदरांनी खाल्लेल्या:
तापी रेडिओ वर्क्स, जामनेर रोड.
भागीदार पहिला, हरकचंद छाजेड, जिनवाले.
भागीदार दुसरा, फ्रामजी, रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त.
तिसरा नव्हताच.

पगाराच्या वहीत होता.
सुपडू त्र्यंबक झांबरे, वायंडर,
रोज एक रुपया दहा आणे.
मे महिन्यात अकरा दिवस गैरहजर.

आईला फोनवर हे सांगितलं नाही.
म्हणाले, शोधतेय अजून.

आधीची दोन गेली म्हणून
जन्मल्या जन्मल्या सुपात घातलेलं पोर, म्हणून सुपडू.
ज्याला एकदा पाखडून झालं होतं
त्याला मी पुन्हा पाखडत होते,
आणि वारा कुठल्या बाजूनं वाहतोय तेही माहीत नव्हतं.

उखर्डू मिस्त्री ब्याण्णव वर्षांचे. सागाची खोकी त्यांनी केलेली.
खाटेवरून उठले नाहीत, पण कान शाबूत.
"सही येत व्हती त्याले. दस्ताले बोलावलं कोनी?
पत्र्याचं शेड, मे महिन्यात कंडेन्सरचं मेन पाझरे,
मंग आम्ही रातच्यानं काम करो.
तारेचे येढे तो तोंडानं मोजे. मधीच कोनी हाक मारली
त चुकलेला येढा तुह्या आजाच्या तोंडून शिवी व्हऊन निंघे."
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
"आन् काचेवरचं लिखान त्याचं. मांगून, उलटं लिहे."

चोपड्याला, शिंप्याच्या दुकानात, नंबर सतरा.
मागचा पुठ्ठा काढला तर आत कापसाचं बोंड आणि पालीची अंडी.
मी ओढणीनं काच पुसली.
दिल्ली. लाहोर. सिलोन.
आणि सिलोनच्या अलीकडे, सुईला जेमतेम उभं राहता येईल
एवढ्या जागेत,
हंबर्डी.

हंबर्डी आमचं गाव.
तेव्हा तिथं दिवाही रॉकेलचा.
तिथून कोण बोलणार होतं, कुणाशी?

फैजपूरला नंबर एक्केचाळीस: हंबर्डी.
सावद्याला, केळीच्या वखारीत, नंबर एकशे नऊ: हंबर्डी,
अक्षर जरा घाईचं, अनुस्वार निसटलेला.
अमळनेरचा एकशे त्रेसष्ट पॉलिश केलेला, दिवाणखान्यात, वर क्रोशाचा रुमाल.
दिल्ली, लाहोर, सिलोन. छापील, सुबक.
मधे कोरी काच.

वही पुन्हा उघडली.
चौपन्नच्या दिवाळीपासून त्यांचं नाव नाही.
कारणाच्या रकान्यात आडवी रेघ.

शिंपी सेट विकायला तयार नव्हता.
म्हणाला, लावून मात्र बघा.
व्हॉल्व्ह तापायला वेळ लागला, जळक्या धुळीचा वास सुटला,
त्यानं तेवढ्यात एका पॅन्टीची पट्टी मारून घेतली.
मी सुई हळूहळू आणली सिलोनवरून मागे.
खरखर.
थोडी अलीकडे, थोडी पलीकडे. खरखरच.
शिंपी म्हणाला, तिथं काही लागत नाही ताई,
माझे वडीलही लावून बघायचे.

रात्री आईचा फोन.
मग? होती ना कंपनी त्यांची?
मी म्हणाले, हो.
निदान एकशे नऊ नंबरापर्यंत.

तिला ते कळलं नाही, पण ती खूश झाली,
लगेच मामाला सांगायला गेली.
त्या अकरा दिवसांचं मात्र
अजून काही लागलेलं नाही.