शेवटची दहा मिनिटं

गुदैबियाच्या खोलीत, गळक्या एसीखाली बादली ठेवून
आम्ही ती एकच कॅसेट दर शुक्रवारी लावायचो.
शेवटची दहा मिनिटं गेलेली,
त्यांवर परकारच्या बहिणीचा निकाह.
इन्स्पेक्टर म्हणतो, "खुनी ह्याच दिवाणखान्यात आहे,"
आणि फणसोपच्या अंगणात बिर्याणीचं झाकण निघतं.

मग वाद.
इस्टेट पुतण्याला, म्हणजे हेतू आला, परकार म्हणायचा.
पण दार आतून बंद, किल्ली मेलेल्याच्याच खिशात?
पाध्ये हिशेबनीस, पावतीमागे वेळा मांडायचा:
घड्याळ थांबलं सव्वानऊला, नर्स गेली आठला,
मग दुधाचा पेला कोमट कसा?
मी बायकोवर ठाम. तिचे हातमोजे!
एवढ्या उकाड्यात कोण घालतं?
"उकाडा तुला. तिथे महाबळेश्वर आहे."

बंदरावर रातपाळी करणारा मिठबावकर
भिंतीकडे तोंड करून पडलेला.
एकदाच बोलला:
"अरे, पण त्या म्हाताऱ्याखातर रडलां कोण?
दीड तास झालो, एकाच्याय डोळ्यात टिपूस नाय."

आम्ही रिवाइंड करून पाहिलं.
मोलकरीण पदर तोंडाला लावते,
पण ती खोकत होती.

पुढच्या मार्चात मिठबावकर झोपेतच गेला.
कागदावर कारण: हृदय बंद.
पोलिसानं तीन प्रश्न विचारले, वही मिटली.
पाध्येनं सवयीनं वेळ टिपली.
उशाशी पेला होता, अर्धा.
परकारनं तो उचलला, धुवायला नेला.
नळ कितीतरी वेळ चालूच होता.