भिंतीवर ठेवलेल्या वस्तू

करासवाड्याच्या तिठ्यावरून आत वळलं
की तिसरं शटर माझं.
तिथं आला तेव्हा चौदाचा होता,
शाळेला टांग मारून आलेला.
दीपराज. कोलवाळचा. बाप बार्जवर.
बारा नंबरचा पाना हातात दिला
तर आधी त्याने तो कानाशी नेला,
जणू पान्यालाही काही सांगायचं असतं.

कान होता त्याला.
रस्त्यावरून मारुती गेली की न बघता म्हणायचा,
पात्रांव, हिचा तिसरा प्लग मेलाय.
आणि मेलेला असायचा.

मी शिकवलं ते सगळंच त्याने घेतलं.
चावी हरवलेल्या गिऱ्हाइकाचं दार
पट्टीने कसं उघडायचं, काचेला ओरखडा न पडता.
स्टिअरिंगखालच्या वायरींतल्या
कुठल्या दोन एकमेकींना भेटवायच्या.
आणि या सगळ्याच्या आधीचा, पहिल्या दिवसाचा धडा:
गाडीला हात लावण्यापूर्वी
माणसाच्या वस्तू बाहेर काढून नीट ठेव.
गाडी लोखंड असते.
वस्तू कुणाच्या तरी असतात.

मग हणजुण्याला एक सीझन गेला,
भाड्याच्या स्कूटर धुवायला.
परत आला तो उन्हातही लांब बाह्यांचा शर्ट घालून.
नाक गळत होतं. म्हणाला, धुळीची ॲलर्जी.
धूळ!
गॅरेजात वाढलेल्या पोराला.

आधी बॅटरी गेली, मग जॅक,
मग शेजारच्यांची ॲक्टिव्हा, मग सख्ख्या मामाची.
एका रात्री बिलाच्या पाठीवर मी हिशेब मांडला:
चार लाखांची गाडी,
चोर्ल्याच्या घाटापलीकडे तिचे नऊ हजार,
नऊ हजारांची पूड सहा दिवस.
म्हणजे महिन्याला पाच गाड्या,
फेब्रुवारीतसुद्धा.
उत्तर बरोबर होतं.
मी बिल फाडलं.

त्याची आई येते अधूनमधून,
बांबोळीच्या कागदांची फाईल छातीशी धरून.
दोनदा दाखल केला, दोनदा पळाला,
दुसऱ्यांदा एका डॉक्टरची गाडी घेऊन.
सांगताना तिला हसू फुटलं
आणि मग ते आवरेना.

शनिवारी पहाटे पोदेराचा भोंगा वाजला
तेव्हा पियेदाद टीचरच्या दारात गाडी नव्हती.
कंपाउंडच्या भिंतीवर मात्र मांडून ठेवलेली
आरशाला टांगायची रोझरी,
छत्री,
तपासायच्या वह्यांचा गठ्ठा,
त्यावर दगड, वाऱ्याने उडू नये म्हणून,
आणि नवऱ्याचा चष्मा,
तो वारल्यापासून डॅशबोर्डच्या कप्प्यातच असलेला.
हवालदार हसला. सभ्य चोर, म्हणाला.
टीचर माझ्याकडे बघत होत्या.
मी दगडाकडे.

कुणावर संशय? विचारलं त्याने.
काय माहीत, म्हणालो.
खोटं बोललो का, ते अजून ठरत नाही.
मी ओळखतो तो वह्यांवर दगड ठेवणारा.
गाडी नेणाऱ्याशी माझी ओळख नाही.

काल रात्री माझी जुनी ओम्नी
मी शटरबाहेरच ठेवली.
दार नुसतं लोटलेलं, चावी आत.
सीटवर डबा. भात आणि सुंगटांचं हुमण,
बांगड्याचे काटे काढायचा त्याला कंटाळा.
मला वाटलं होतं…
काय वाटलं होतं ते सांगण्यासारखं नाही.

सकाळी गाडी नव्हती.
डबा भिंतीवर होता,
झाकण घट्ट, कडी लावलेली.
आता अकरा वाजत आलेत,
ऊन डब्यावर आलंय, मुंग्याही.
मी अजून उचललेला नाही.
उचलला
तर वजन कळेल.